सहाव्या गाण्याची स्रोत व्यक्ती

वयाच्या शहात्तराव्या वर्षी मी सरकारदरबारी 'लोक' झाले. लोकगीत, लोककथा वगैरे शब्दांत जे लोक असतात, ते. तसं प्रमाणपत्र आहे माझ्याकडे, गोल शिक्क्याचं. त्याआधी एकतीस वर्षं मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते आणि लोक म्हणजे तारेच्या पलीकडून ओरडणारी माणसं, एवढीच माझी समजूत होती.

हे सगळं माझ्या भाचीच्या अल्बमपायी झालं. भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ही एकोणीस वर्षांची होती. दोन बॅगा आणि एक गिटार घेऊन माझ्याकडे आली, ती अजून मागच्या खोलीत आहे. आता अडतीस वर्षांची आहे. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना खुर्चीत बसवते आणि "खालून दुसरी ओळ वाचा" म्हणते. संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या ओळी लिहिते. स्वतःच चाल लावते, स्वतःच गाते. या प्रकाराला लोक-पॉप म्हणतात. म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं होतं.

"चाल आजीची आणि ठेका नातीचा," ती म्हणाली.

"मग मावशीचं काय?"

"मावशीची मागची खोली."

तिला एकच गोष्ट हवी होती, आणि ती फार मोठी होती असं मला अजूनही वाटत नाही. अकरा वर्षं तिनं दुसऱ्यांसाठी गाणी लिहिली होती. एका बाईंच्या अल्बममध्ये तिची तीन गाणी होती. नाव कुठेच नव्हतं. विचारलं तर म्हणे पुढच्या आवृत्तीत घालू. पुढची आवृत्ती आलीच नाही. तेव्हापासून तिच्या डोक्यात बसलं होतं: दहा गाणी, खऱ्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेली, आणि प्रत्येक गाण्याखाली गीत, संगीत, गायन अशा तिन्ही ठिकाणी तिचं नाव. झालं तर हे, नाहीतर गिटार विकून टाकते, असं ती शांतपणे म्हणाली होती. आमच्या घराण्यात शांतपणे बोललेलं खरं होतं, म्हणून मला काळजी.

घरी ध्वनिमुद्रण करून पाहिलं होतं. माझ्या कपड्यांच्या कपाटात शिरून, वर रजई पांघरून ती गायची. पण खालच्या मजल्यावर शिंपीदादांचं दुकान आहे, त्यांचं मशीन प्रत्येक गाण्यात आलं. एका गाण्यात माझी शिंक आली. मी तेव्हा दोन खोल्या पलीकडे होते आणि ती शिंक मी दाबली होती. तरीही आली. स्वतःच्या घरात माणसानं किती दाबावं यालाही मर्यादा असते, असं मी म्हटलं, तर तेही आलं.

मग रेडिओ केंद्राच्या जुन्या स्टुडिओची जाहिरात तिनं वाचली. निवडक कलाकारांना बारा दिवस स्टुडिओ फुकट. तिनं अर्ज केला आणि निवडही झाली. फक्त सातवं कलम राहिलं होतं. अर्जात 'लोक' हा शब्द असेल, तर अल्बममधलं किमान एक गाणं सत्तर वर्षांवरील 'स्रोत व्यक्ती'कडून प्रत्यक्ष मिळवलेलं हवं. स्रोत व्यक्ती म्हणजे जिच्या तोंडून जुनं गाणं मिळालं ती. केंद्राचा तज्ज्ञ घरी येऊन ते तपासणार.

आम्ही केंद्राच्या चौकशीच्या खिडकीवर गेलो. "आम्ही 'लोक' काढून टाकतो, नुसतं पॉप ठेवतो," भाची म्हणाली.

खिडकीतल्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "नुसत्या पॉपला स्टुडिओ नाही. पॉपला टाळ्या मिळतात, त्यांनी त्यातच भागवावं, असं वरून धोरण आहे."

घरी येऊन हे शेजारच्या वहिनींना सांगितलं. सांगितलं म्हणजे त्या दारात उभ्याच होत्या. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. बाजारात पपई बघतात तसं.

"अहो, तुम्ही आहात की सत्तरीच्या वर," त्या म्हणाल्या. "घरात एवढा मोठा स्रोत पडून आहे आणि तुम्ही खिडक्या कसल्या झिजवताय?"

पडून आहे हे मला लागलं, पण स्रोत हे आवडलं. आणि स्मरणशक्तीबद्दल मला थोडा अभिमान आहे, तो लपवत नाही. सिव्हिल हॉस्पिटल तीनशे बारा, अग्निशामक एकशे चार, साखर कारखान्याच्या मॅनेजरचं घर सातशे सव्वीस. कारखाना बंद पडला, मॅनेजर गेले, सहाआकडी नंबर आले, दहाआकडी आले, पण माझ्या डोक्यात सातशे सव्वीस अजून वाजतो आणि तिकडून कुणी उचलत नाही. हे सगळं लख्ख आठवतं. गाणं मात्र, विचार करायला बसले तर, एकही आठवेना. आमचे वडील आवाजाचे शत्रू होते. आई काम करताना गाण्याऐवजी महागाईबद्दल बोलायची. आठवली ती एका साबणाची रेडिओवरची जाहिरात आणि दात घासण्याविषयीची शाळेतली कविता. शेवटी चौथ्या दिवशी भाजी चिरताना एक सापडलं. शाळेत आम्ही मुली दोरीवरच्या उड्या मारायचो, तेव्हा म्हणायचं आठ ओळींचं गाणं. कुणी रचलं माहीत नाही, माझ्या बहिणीच्या वर्गातल्या मुलीही तेच म्हणायच्या. भाचीला ते इतकं आवडलं की तिनं लगेच त्यावर ठेका बसवायला घेतला. नऊ तिची, एक उड्यांचं. तिच्या मनातलं दहावं बाजूला ठेवावं लागणार होतं, पण ती म्हणाली, चालेल.

मी आठवडाभर सराव केला. सराव कसला, आठ ओळी.

तज्ज्ञ येणार त्या दिवशी भाचीला दुकानात सुट्टी मिळाली नाही, आणि व्यवस्था वहिनींनी हातात घेतली. आधी माझं घड्याळ काढलं.

"लोकांना घड्याळ नसतं," त्या म्हणाल्या.

"अहो, मी एकतीस वर्षं घड्याळावर नोकरी केली."

"ते त्यांना कुठे सांगताय? आणि थोडं अडखळत बोला. तुमचं बोलणं फार सरळ आहे, बातम्या दिल्यासारखं."

पुस्तकांच्या कपाटावर त्यांनी चादर टाकली. मला जमिनीवर बसवलं. जमिनीवर बसणं मी सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्यानं सोडलं होतं. बसले, पण उठणार कशी याचा विचार मनात घर करून बसला, आणि मला वाटतं पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ माझ्या गुडघ्यांत आहे.

तज्ज्ञ पन्नाशीचे, सडपातळ, खांद्याला कापडी पिशवी, चेहरा दमलेला. दोन जिने चढून आले होते आणि त्याआधी बहुधा बरेच जिने. त्यांनी छोटं यंत्र माझ्यापुढे ठेवलं.

"आजी, अगदी सहज गा. आम्ही इथे नाही असं समजा." मग चादरीकडे पाहून म्हणाले, "ते काय आहे?"

"कपाट," मी म्हणाले.

"झाकलंय का?"

"लाजतं," वहिनी म्हणाल्या. त्यांना धूळ म्हणायचं होतं, असं नंतर म्हणाल्या.

यंत्रावरचा लाल दिवा लागला आणि माझ्या डोक्यातल्या आठही ओळी निघून गेल्या. एकेक करून नाही, एकदम. स्विचबोर्डवरची सगळी वायर कुणी उपसून काढावी तशी. मी दोरी आठवली, शाळेचं पटांगण आठवलं, माझ्या बुटाचा सुटलेला बंद आठवला. गाणं नाही. तज्ज्ञ वाट बघत होते. वहिनी भुवया उडवत होत्या. काहीतरी गायला हवं म्हणून मी तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं ते हे:

दार लोटून गेलीस, कडी नाही लावलीस,
वारा आत आला, मला तूच वाटलीस.

हे भाचीचं गाणं. मागच्या खोलीत गेली तीन वर्षं ती यावर घासत होती. शब्द बदलायची, चाल मोडायची, पुन्हा बांधायची. मी स्वयंपाकघरात असायचे आणि भिंतीतून ते येत राहायचं. मला वाटायचं मी ऐकत नाही. पण माझं डोकं ते भरून ठेवत होतं, सातशे सव्वीसच्या शेजारी.

दोन कडवी गायले. दुसरं कडवं तिनं इतक्या वेळा बदललं होतं की मला तीनचार प्रकार एकदम आठवले आणि मी त्यांची खिचडी केली. तज्ज्ञांनी डोळे मिटले होते.

"पुन्हा एकदा," ते म्हणाले.

पुन्हा गायले. या वेळी खिचडी वेगळी झाली.

"पाठभेद," ते यंत्राला उद्देशून म्हणाले. मग मला समजावून सांगितलं, "आजी, रचलेलं गाणं माणूस दर वेळी एकसारखं म्हणतो. तोंडोतोंडी आलेलं असं हलत राहतं. चूक ही त्याची खूण असते." माझ्या गाण्यात, त्यांच्या मते, फार चांगल्या प्रतीच्या चुका होत्या.

पुढे जे झालं त्यात मी एकही शब्द खोटा बोलले नाही, हे मला आधी सांगू द्या.

"कुणाकडून ऐकलं?"

"घरातच."

"म्हणजे नेमकं?"

"भिंतीपलीकडून यायचं."

"कोण म्हणायचं?"

"आमच्यातलीच एक मुलगी."

"काय करताना?"

"कधी भांडी घासताना. कधी कपड्यांच्या घड्या करताना."

"श्रमगीत," असं त्यांनी लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण तेवढ्यात ते म्हणाले की अजून तीन माणसांनी हे गाणं ऐकल्याचं सांगितलं तर आजच शिक्का देतो, आणि वहिनी चपला न घालता जिन्यात धावल्या. त्यांनी स्वतः सांगितलं की हे गाणं त्या कितीतरी दिवस ऐकत आहेत. खरंच होतं, त्यांची मोरी आमच्या मागच्या खोलीला लागून आहे. शिंपीदादा खांद्यावरचा टेप न काढता वर आले.

"हे गाणं?" ते म्हणाले. "माझं मशीन या ठेक्यावर चालतं, साहेब."

तज्ज्ञांनी तेही लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

तिसरे वरच्या मजल्यावरचे मास्तर. वय ब्याऐंशी, चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेले, एकटे राहतात, फार बोलत नाहीत. दारात काठी टेकून उभे राहिले. तज्ज्ञांनी यंत्रावर माझं गाणं लावलं. मास्तरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला.

"हे माझी आई म्हणायची," ते म्हणाले.

आता या क्षणी, मी जमिनीवर, उठता येत नाही, समोर एक म्हातारा माणूस चष्मा पुसतोय, तज्ज्ञ शिक्का काढतायत, आणि भाचीला स्टुडिओच्या तारखा जागेवरच मिळतायत. कुणी उठून म्हटलं असतं का, थांबा, चूक झाली? उठूनच म्हटलं असतं ना. मला उठवायला दोन माणसं लागली.

संध्याकाळी भाचीनं मला मिठी मारली. "मावशी, उड्यांचं गाणं म्हटलंस ना नीट?"

"ते तर ठरलंच होतं," मी म्हणाले. ठरलं होतं, हे खोटं नव्हतं.

तिच्या तारखा दुसऱ्या आठवड्यात सुरू झाल्या. प्रमाणपत्र परस्पर स्टुडिओत जाणार होतं. मी रोज ठरवायचे की आज सांगू. ती घरी यायची ती डोळे चमकवत, बास असा वाजला, तबला असा बसला, काचेपलीकडचे ध्वनिमुद्रक काय म्हणाले. जेवताना सांगू, म्हणायचे. जेवण झाल्यावर म्हणायचे, दमली आहे, उद्या. माझं वजन त्या दिवसांत दीड किलोनं कमी झालं. वहिनी म्हणाल्या, कलेनं माणूस झिजतो.

सातव्या दिवशी बोलावणं आलं. नियमाप्रमाणे लोकगीत ध्वनिमुद्रित होताना स्रोत व्यक्ती हजर हवी. गेले. जुनी इमारत, लांब कॉरिडॉर, दारं बँकेच्या तिजोरीसारखी जाड. आत भिंतींना भोकाभोकांच्या फळ्या, पायाखाली गालिचा, आणि शांतता अशी की मला माझे कान ऐकू यायला लागले. ध्वनिमुद्रक मोठ्या काचेमागे बसले होते. त्यांचा आवाज छतातून आला.

"बाई, श्वास जरा बेतानं घ्या. येतोय."

मी बेतानं घेतला. भाचीनं स्टँडवरचं पाकीट उघडलं, प्रमाणपत्र काढलं आणि वाचलं. डोळे तपासणाऱ्या माणसाचं वाचणं असतं, एकही ओळ सोडत नाही. मग पुन्हा वरून वाचलं.

"मावशी, हे माझं आहे."

"हो."

"हे सहा नंबरचं आहे. आईचं."

तेव्हा मला कळलं की ते तिच्या आईचं होतं. तीन वर्षं भिंतीतून ऐकलं आणि माझ्या बहिणीबद्दल आहे हे मला कळलं नव्हतं. शब्द पाठ, आणि अर्थ काचेपलीकडे.

"मग इथे 'पारंपरिक, कर्ता अज्ञात' का लिहिलंय?"

मी सांगितलं. गुडघे, लाल दिवा, बुटाचा बंद, सगळं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मायक्रोफोन चालू होता, त्यामुळे माझा कबुलीजबाब काचेपलीकडे चौघांनी ऐकला. ध्वनिमुद्रकांनी नंतर मला पाणी आणून दिलं, स्वतःच्या हातानं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच खिडकीवर गेले.

"गाणं नवं आहे," मी म्हणाले. "माझ्या भाचीनं रचलंय."

"पुरावा?" खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"तिला रचताना मी ऐकलंय."

"पण ते जुनं आहे असं तुम्हीच सांगितलंय."

"मी जुनं म्हटलं नाही. भिंतीपलीकडून म्हटलं."

पूर्वी रात्रपाळीत पाच वेळा चुकीचा नंबर मागणाऱ्यांच्या दिव्याकडे मी जशी बघत असे, तसं बाईंनी माझ्याकडे बघितलं. तरी स्वभावानं वाईट नव्हत्या. आत जाऊन तज्ज्ञांना विचारून आल्या. तज्ज्ञ, म्हणाल्या, दोन मिनिटं खुर्चीत नुसते बसून राहिले. मग त्यांनी वाट काढली: स्रोत व्यक्तीनं आणि तिन्ही साक्षीदारांनी लेखी माघार घ्यायची, शुक्रवारपर्यंत. तसं झालं तर उड्यांचं गाणं लोकगीत म्हणून चालेल आणि सहावं भाचीच्या नावावर जाईल. एक सही जरी कमी पडली तरी सहावं पारंपरिकच राहणार, आणि ते अल्बममधून काढता येणार नाही, कारण स्टुडिओच त्याच्यावर मिळालाय.

तर तीन सह्या. शिंपीदादांनी उभ्या उभ्या केली. "मी ठेका म्हटलं होतं, गाणं कुठे म्हटलं?" वहिनींनी आधी अर्धा तास मला सांगितलं की त्यांना पहिल्यापासून शंका होती, मग केली.

मास्तरांकडे मी शेवटी गेले. बावीस पायऱ्या, मधे एकदा थांबून. त्यांनी कागद नीट वाचला. पेनचं टोपण काढलं आणि ते हातातच ठेवलं.

"तुम्ही म्हणताय तर करतो सही," ते म्हणाले. "तुम्ही कशाला खोटं सांगाल? म्हणजे आई हे म्हणायची नाही."

मी त्यांच्या हातातल्या टोपणाकडे बघत होते.

"मी सात वर्षांचा होतो ती गेली तेव्हा. फोटो नव्हता. चाळीस वर्षं पोरांना चेहरे काढायला शिकवले बघा, नाक कुठे, कान कुठल्या रेषेत. तिचा काढायला बसलो की कागद कोराच. आवाज तर नाहीच नाही. आणि आता दोनतीन वर्षांत, दुपारी पडलो असताना, हे गाणं आठवायला लागलं. आधी नुसती चाल, मग शब्द. म्हटलं, म्हातारपणी असं होतं म्हणतात, जुनं वर येतं."

दुपारी. भाची दर सोमवारी आणि रविवारी दुपारी घरी असते. मागच्या खोलीच्या बरोबर वर मास्तरांचा पलंग आहे. मी खाली फरशीकडे बघितलं आणि लगेच वर बघितलं.

त्यांनी पेन कागदाला लावलं.

"राहू द्या," मी म्हणाले. "पेन नीट चालत नाहीये."

"चालतंय की."

"नाही चालत," मी म्हणाले, आणि कागद घेऊन खाली आले.

भाची स्वयंपाकघरात होती. कागदावरच्या सह्या तिनं मोजल्या. दोनच आहेत म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं, पलंग कुठे आहे तेही. ती ओट्याला टेकून ऐकत होती.

"मावशी, तीन वर्षं गेली त्या गाण्यात. दुसऱ्या कुणाच्या आईला मी तिथे कुठे ठेवू?"

"मला माहीत नाही."

"त्यांना सांगायचं खरं. म्हणायचं, तुमच्या पलंगाखालच्या खोलीत मी गाते."

"तू सांग," मी म्हणाले. "मला जमलं नाही."

ती कागद आणि पेन घेऊन वर गेली. मी जिन्याच्या दाराशी उभी राहिले. ऐकण्यासाठी नाही, पण आता माझ्या बाबतीत त्याला काही अर्थ उरला नव्हता. आधी तिचा आवाज, मग त्यांचा. मग मास्तर गायला लागले. ब्याऐंशी वर्षांचा आवाज, सूर जिन्यासारखा, मधेमधे पायरी चुकणारा.

ती आली तेव्हा कागद तसाच होता.

"तिसरं कडवं आहे त्यांच्याकडे," ती म्हणाली.

"तिसरं? तुझी तर दोनच होती ना?"

"दोनच. ते म्हणाले, तुझ्या मावशींनी शेवटचं सोडलं, बहुतेक विसरल्या." आणि तिनं ते मला कोरड्या आवाजात म्हणून दाखवलं, चष्म्याच्या दुकानात ओळ वाचून घेतात तसं:

कडी लावू कशी बाळा, हात होते ओले,
आत्ता येते म्हटलं आणि तशीच बाहेर गेले.

गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं. आम्ही दोघींनी बघितलं, पण कुणी पुढे झालं नाही.

"हे माझ्यापेक्षा चांगलं आहे," भाची म्हणाली. ती हे रागानं म्हणाली, आपल्या जागेवर येऊन कुणीतरी आरामात बसलंय हे बघून म्हणावं तसं. "मी नुसतं विचारत बसले होते तीन वर्षं, कडी का नाही लावलीस. उत्तर द्यायचं मला सुचलंच नाही."

"मग सही?"

"मागितली नाही. मावशीचाच घोटाळा झाला म्हटलं, गाणं तुमच्या आईचंच."

"आणि नाव?"

"बाजूला ठेवलेलं दहावं घेते, नऊ होतात की," ती म्हणाली, आणि गॅस पुसायला लागली. खूप वेळ पुसत होती.

शुक्रवार येऊन गेला. शनिवारी तिनं सहावं गाणं तिन्ही कडव्यांसकट गायलं. स्रोत व्यक्ती म्हणून मी हजर होते आणि श्वास बेतानं घेत होते. तिसऱ्या कडव्याला ध्वनिमुद्रकांनी काचेमागे मान खाली घातली. ती वर यायला बराच वेळ लागला. मग छतातून आवाज आला, "झालं. पुन्हा नको."

तीन महिन्यांनी खोकं आलं. सीडी, आत गुळगुळीत कागदाची छोटी पुस्तिका. भाचीनं टेबलाशी बसून पुस्तिका उघडली. नऊ गाण्यांखाली तीन तीन वेळा तिचं नाव होतं, छापलेलं, ठळक. तिनं नऊच्या नऊ ठिकाणी बोट फिरवलं. सहाव्यावरून बोट न थांबता पुढे गेलं, पण गेलं ते जरा उचलून. तिथे लिहिलं होतं, पारंपरिक, कर्ता अज्ञात.

"छान आलंय," ती म्हणाली. आणि मला एवढंच वाटलं की अकरा वर्षांत पहिल्यांदा हिचं नाव छापून आलं, आणि जिथे सगळ्यात आधी यायला हवं होतं तिथेच माझ्यामुळे आलं नाही.

पहिली प्रत मास्तरांना द्यायची असं तीच म्हणाली. आम्ही दोघी वर गेलो. मास्तरांनी चष्मा लावला, पुस्तिका खिडकीच्या उजेडात धरली आणि पहिल्या गाण्यापासून वाचायला सुरुवात केली, शाळेत हजेरी घेतात तशी. सहाव्यापाशी थांबले.

"हे काय?"

"पारंपरिक म्हणजे जुनं," मी सांगितलं. "कुणी रचलं ते माहीत नाही असं."

"माहीत नाही कसं? मी सांगितलं होतं ना त्या साहेबांना, माझ्या आईचं म्हणून." ते कधी नव्हे ते चिडले होते. "माझ्या आईला नाव होतं."

आणि त्यांनी ते सांगितलं. सव्वीस वर्षं आम्ही एका जिन्यानं वर-खाली करतोय, आणि ते त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

भाचीनं त्यांच्या टेबलावरचं पेन घेतलं. 'पारंपरिक, कर्ता अज्ञात' यावर एक सरळ रेघ मारली आणि वरच्या मोकळ्या जागेत त्यांच्या आईचं नाव लिहिलं, पूर्ण. मास्तरांनी पुस्तिका जवळ घेऊन पाहिलं.

"अक्षर डावीकडे झुकतंय," ते म्हणाले. "पण असू दे." मग थोडा विचार करून पुस्तिका तिच्यापुढे परत सरकवली. "खाली तुझंही लिही. तूही मेहनत घेतली आहेस."

भाचीनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं, तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

तिनं लिहिलं, जरा बारीक अक्षरात. गुळगुळीत कागदावर शाई लवकर वाळत नाही. मास्तरांनी पुस्तिका दोन्ही हातांत आडवी धरली आणि फुंकर घातली, आधी वरच्या नावावर, मग खालच्या.